भाच्याचा सुपरहिरो

पौषातल्या दुपारी मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा वास मेहबूबभाईंच्या शिलाईच्या दुकानात भरून राहायचा, आणि त्या हिरवट, ओलसर वासात, उंबऱ्यावरून आत सरकत आलेल्या उबदार उन्हात बसून आम्ही तिघं एका अशा पुस्तकावरून भांडायचो, जे अजून बाजारात आलेलंच नव्हतं. तिघं म्हणजे दुकानाचे मालक मेहबूबभाई, दर रविवारी दुबलगुंडीहून मोटारसायकलवर येणारे वैजनाथअण्णा आणि कर्नाटकात, बिदरकडच्या राजेश्वर गावच्या शाळेत मराठी शिकवणारी मी. आम्हाला एकत्र बांधलं होतं एका कादंबरीकारानं. पुण्यात राहणाऱ्या या थोर माणसाची प्रत्येक कादंबरी आम्ही एकाच प्रतीतून, पानांच्या कडा मळेपर्यंत वाचलेली. दिवाळीच्या सुमारास कुठल्याशा मुलाखतीत ते सहज बोलून गेले, की आपण आता चित्रकथा लिहितो आहोत आणि तिचा नायक सुपरहिरो आहे. झालं! आमच्या रविवारांना दुसरा विषयच उरला नाही.

मेहबूबभाई कापडावर खडूची रेघ ओढता ओढता म्हणायचे, "वो सब छोडो बाई, त्याचे कपडे कोण शिवतंय ते बघा. त्यावरनं माणूस कळतंय." अण्णांच्या मते तो उडणारच नव्हता, बिदरच्या जमिनीखाली जुन्या काळी खोदलेले पाण्याचे जे बोगदे आहेत, त्यांच्या काळोख्या गारव्यातून तो गावोगाव फिरणार आणि जिथं अन्याय तिथं विहिरीतून वर येणार. मी आपली खडूस. म्हणायची, यांचा एकही नायक आजवर जिंकलेला नाही, हा तरी कशाला जिंकेल? मग दोघं माझ्यावर तुटून पडायचे, आणि चहा यायचा.

पण मनातून माझाच जीव त्या पुस्तकात सगळ्यांपेक्षा जास्त अडकला होता. आमच्या शाळेचा मराठी विभाग ओसरत चालला होता आणि येत्या जूनमध्ये पहिलीत नवी मुलं आली नाहीत, तर तो वर्ग बंद होणार हे वरून स्पष्ट कळलेलं होतं. आईबापांना तरी काय बोल लावायचा? घरात मराठी, बाजारात कन्नड, खेळताना दखनी अशा तीन भाषांत ही पोरं लीलया वावरतात. त्यांतली पोटाला लागणारी भाषा आईबाप निवडतात. तरीही मला वाटायचं, एवढ्या मोठ्या लेखकाचा सुपरहिरो मराठीत बोलायला लागला, तर ते पुस्तक घेऊन मी दारोदार फिरेन, पोरांपुढे उघडून धरेन. चित्रांच्या एका पुस्तकानं वर्ग वाचत नाही, एवढी अक्कल मलाही होती. दुसरं काही हाताशी नव्हतं, एवढंच.

आणि गंमत अशी, की विचारायचं तर उत्तर अण्णांच्या खिशात होतं. लेखकाची आई दुबलगुंडीची, अण्णांची सख्खी चुलत बहीण. म्हणजे ते अण्णांचे भाचे. अण्णांचे कशाला, अख्ख्या गावाचे भाचे. त्यांचा नंबर अण्णांच्या मोबाईलमध्ये होता. मी दर रविवारी त्यांच्यामागे लागायची, "अण्णा, एक फोन लावा की! मराठीत काढायलेत का, एवढंच विचारा. कामून लाजायलाव?"

अण्णा कानाला हात लावायचे. "असं कसं बोलायलाव बाई? मामानं भाच्याला द्यायचं असतंय. त्याच्याकडं मागायचं असतंय व्हय?"

आमच्याकडची रीतच ती. भाचा दारात आला, की पिकल्या केसांचा मामासुद्धा त्याच्या पायावर डोकं ठेवतो, त्याला टॉवेल-टोपी देतो, गोडाधोडाचं जेवू घालतो. त्याच्याकडून घेणं हे पाप. रीत म्हणून ती सुंदरच आहे. पण माझ्या डोक्याची शीर तडतडायची. विचारून मोकळं व्हायचं सोडून आम्ही अख्खा हिवाळा अंदाज बांधण्यात घालवला, आणि खरं सांगायचं तर ते अंदाज इतके गोड होते, की मीही पुढे पुढे हट्ट सोडून दिला.

फाल्गुनात लेखक गुलबर्ग्याला व्याख्यानाला आले, तेव्हा अण्णा आणि मी बसनं तिकडे गेलो. उन्हाला धार आली होती. डाळमिलच्या बाजूनं भाजक्या, कोरड्या टरफलांचा वास येत होता. अण्णांनी इस्त्रीचं धोतर नेसलेलं, काखेत टॉवेल-टोपीची पिशवी. व्याख्यान संपलं, गर्दी पांगली, आणि साठीला टेकलेल्या त्या प्रसिद्ध माणसापुढे आमचे अण्णा वाकले. त्यांनी अण्णांना मध्येच धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "मामा, तुमच्यासाठी काय करू, सांगा."

मी अण्णांना कोपरानं ढोसलं. अण्णा म्हणाले, "तू आलास, लई झालं."

मला राहवेना. मीच विचारलं, "सर, तुमची चित्रकथा मराठीत कधी येणार?"

त्यांचा चेहरा एकदम उजळला. प्रकाशन कंपनीनं इंग्रजीच्या जोडीला आणखी एकच भाषा निवडायला सांगितली होती, आणि त्यांनी हट्टानं कन्नड निवडली होती. "मामाच्या गावची मुलं कन्नड शाळेत जातात ना! म्हटलं, आपली गोष्ट त्यांना तरी वाचता यावी." मग माझ्याकडे पाहत ते गोंधळले. "तुम्हाला मराठीत हवी होती? अहो, मग एकदा कळवायचं तरी! आता तर छापायला गेली."

"न्हाई न्हाई," अण्णा घाईनं म्हणाले, "बेस केलास बाबा."

परतीच्या बसमध्ये तुरी कापून नेलेली रानं दोन्ही बाजूंना नुसती खुंटांनी टोचत पसरलेली होती. हुमनाबादच्या अलीकडे अण्णा एवढंच म्हणाले, "इचारायला पायजे होतं, बाई." मला त्यांचा संताप आला होता, आणि त्याहून अधिक रडू येत होतं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

जूनमध्ये मराठी पहिलीत कुणीच आलं नाही. खोली कन्नडच्या दुसऱ्या तुकडीला गेली. पाठोपाठ मामाच्या गावासाठी भाच्यानं पाठवलेला पुस्तकांचा खोका आला, आणि त्यातली काही अण्णा आमच्या शाळेतही घेऊन आले. त्यांना कन्नड घडाघडा बोलता येतं, पण लिपी येत नाही. म्हणाले, बाई, तुम्ही वाचून दावा. व्हरांड्यात बसून मी एकेक ओळ मनात कन्नडमध्ये वाचून मोठ्यानं मराठीत सांगू लागले. पुस्तक अप्रतिम होतं. पोरं भोवती कोंडाळं करून बसली. तिसऱ्या पानावर, माझ्याच पाटीवर पहिलं अक्षर गिरवून नंतर कन्नडकडे गेलेली सुनंदा उठून म्हणाली, "बाई, तसं न्हाई. असं हाय बघा," आणि तिनं ते वाक्य कन्नडमधून असं काही ठसक्यात वाचलं, की सगळी पोरं ओरडली. अण्णा मांडीवर थाप मारून हसले. माझ्या मराठीपेक्षा ते वाक्य तिच्या तोंडी खरोखर चांगलं वाटत होतं.

कुणी हिसकावून नेलं असतं, तर मी भांडले असते. भांडायला मी कुणाला ऐकत नाही. पण इथं कुणी चोरच नव्हता. एका भाच्यानं जीव लावून पाठवलं होतं, एका मामानं ते कपाळाला लावून घेतलं होतं. सुनंदा हात पुढे करून उभी होती. मी पुस्तक तिच्याकडे दिलं, जागेवरून उठले आणि मागे, पोरांच्या रांगेत, ऐकायला जाऊन बसले.