चांदीच्या पेल्यातलं दूध

चहा घ्या. फक्त माझा कप तुमच्या कपाशी बदलू नका, नाहीतर आतून आमच्या सौ. हसायला लागतील. का, तेच सांगतो. अशी फजिती ग्वाल्हेरात आणखी कोणाची झाली असेल, तर त्याने ती लपवून तरी ठेवली आहे.

आधी आमचं खानदान समजून घ्या. आजोबा दरबारच्या मुदपाकखान्यात, म्हणजे महाराजांच्या स्वयंपाकघरात होते. ताट पुढे जायच्या आधी त्यातला घास चाखायचा, हे त्यांचं काम. ते जिवंत राहिले म्हणून ताटं पुढे गेली आणि म्हणूनच मीही आहे. त्यांना मिळालेला चांदीचा पेला वारशाने माझ्याकडे आला, आणि त्याच्याबरोबर संशयही आला. लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याने जिलबी खाल्ल्याशिवाय मी आजही खात नाही.

तर, संस्थान विलीन झालं, मध्य भारत राज्य झालं, आणि आता तेही मोडून राजधानी भोपाळला जाणार, त्या दिवसांतली ही गोष्ट. माझी भोपाळला बदली ठरली, तीही बढतीवर. घरी सांगितलं तर कमल, म्हणजे आमच्या सौ., "मी नाही येणार" म्हणून मोकळी!

तिचं त्या वर्षी सगळंच बिनसलं होतं. ग्वाल्हेरच्या कडाक्याच्या थंडीत खिडक्या उघडायची, पदराने वारा घ्यायची. भाजी करपली म्हणून रडायची, आणि मी "नाही गं करपली" म्हटलं की भडकायची.

आणि एक दिवस अचानक गोड आवाजात म्हणाली, "जाऊ की भोपाळला. मला थोडे दिवस द्या फक्त."

आता सांगा, तुम्हाला संशय आला नसता?

त्याच आठवड्यात बाडा चौकामागच्या गल्लीत ती एका वैद्याच्या दुकानातून पुडी घेऊन निघताना दिसली. मी खांबाआड झालो. ऑफिसात शेजारच्या टेबलावर दिघे बसायचे, त्यांच्या कानावर न आलेली गोष्ट आमच्या लष्कर भागात घडलेलीच नसायची. त्यांना विचारलं. ते म्हणाले की याच वैद्याची पुडी एका बाईने नवऱ्याला दुधातून दिली, आणि तो बिचारा बढती सोडून इथेच बसला. वर म्हणाले, "संभाळून रहा, राव. दूध देख के पिया करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात डोकावलो. कमल पाठमोरी बसून माझ्या चांदीच्या पेल्यात भुरकट पूड कालवत होती. माझ्या पेल्यात! मी उलट्या पावली बाहेर आलो. आणखी काय बघायचं राहिलं होतं? त्या दिवशी पोट बरं नाही म्हणून सांगितलं आणि दूध टाळलं.

पुढे मात्र युक्ती केली. माझा चांदीचा पेला आणि तिचा कल्हईचा, असे दोन्ही झाकून ठेवून ती तुळशीला पाणी घालायला जायची. तेवढ्यात मी आत शिरायचो. माझं दूध तिच्या पेल्यात, तिचं माझ्या पेल्यात. तिचं दूध काय चविष्ट होतं म्हणून सांगू! वेलदोडा, खडीसाखर, जरासा तपकिरी रंग. म्हटलं, बघा, स्वतःला मसाल्याचं दूध आणि नवऱ्याला जादूटोणा.

हळूहळू परिणाम दिसायला लागला. कमलचं अंग आणखी तापायला लागलं, चिडचिड वाढली. मी मनात म्हणालो, भोगा आता, माझ्यासाठी केलेलं तुमच्यावरच उलटलं. माझं मात्र बरं चाललं होतं. झोप गाढ लागायची. साहेब ओरडले तरी मी हसायचो. चेहऱ्यावर तेज आलंय, असं दिघेसुद्धा म्हणाले.

मग एका दुपारी कमल रडतच समोर येऊन बसली. "मला नाही जमणार. तिथे कोणी ओळखीचं नाही, आणि ही अंगातली आग काही जात नाही. तुम्ही एकटेच जा."

एकटेच जा? इतक्या वर्षांच्या संसारानंतर? राग आला तो वैद्याचा. तडक त्याचं दुकान गाठलं आणि विचारलं की माझ्या घरात काय कालवताय.

वैद्यजी शांतपणे म्हणाले, "बाबूजी, शतावरी है, अशोक की छाल है. महीना बंद होने की उमर में औरतों को ये गरमी उठती है. शरीर के अंदर जो घट रहा है, वो जड़ी-बूटी से थोड़ा बाहर से देते हैं. बहूजी बोलीं, भोपाल जाने से पहले ठीक कर दो, इन्हें अकेले कैसे भेजूँ."

"मग माझ्या पेल्यात का?"

"चाँदी में घोलने को हमने कहा था. घोलकर अपने गिलास में लेती होंगी." मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "उनको आराम क्यों नहीं हुआ, समझ में नहीं आता. दवा पी कौन रहा है?"

मी दुकानातल्या बरण्या बघायला लागलो.

"फायदा हुआ?" त्यांनी हळूच विचारलं.

"झाला," मी म्हणालो.

घरी येऊन कमलला सगळं सांगितलं. ती आधी बघतच राहिली. मग वर्षभरात हसली नव्हती तेवढी हसली, हसता हसता खाली बसली. मला तर सांगायची लाज वाटत होती, पण तिला असं हसताना पाहून फार बरं वाटलं. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "आणि मला वाटलं, माझ्या तोंडाची चवच गेली! येते मी भोपाळला. पण उद्यापासून माझं औषध तुम्ही कालवायचं. आणि चाखायचं नाही."

तेव्हापासून इथे भोपाळला रोज सकाळी मीच कालवतो, आणि तिला आता पुष्कळ आराम आहे. चाखायचं नाही, हे अगदी मान्य आहे मला. पण वेलदोडा बरोबर पडलाय की नाही, ते कोणीतरी बघायला नको का?