साइट विकली, पाणी मात्र माझ्याकडेच

माझ्या सुनेला ओसाड पडलेल्या साइटी विकत घ्यायचं वेड आहे. इंटरनेटवरच्या हो. कुणी हौसेनं काढलेली, मग कंटाळून टाकून दिलेली साइट स्वस्तात घ्यायची, झाडलोट करायची, माणसं यायला लागली की नफ्यात विकायची. मागची होती फुलझाडांची. त्यावर लिहिलेलं, मोगऱ्याला बारा महिने भरपूर पाणी घाला. आमच्या होळी गावच्या वाडीत, फुलझाडांतच जन्म गेला माझा. म्हटलं, "अगं, थंडीत छाटून पाणी तोडलं नाही तर नुसती पानं येतील, फुलं कुठली?"

"मग आई, तुम्हीच लिहा ना. विकेपर्यंतच!"

झालं. दुपारी जरा पाठ टेकायची, तेवढीच माझी वेळ, ती गेली मोबाइलवर बोट फिरवण्यात. आणि लोक तरी काय काय विचारतात! एकीनं सोनचाफा न्हाणीघरातल्या बादलीत लावलेला. एकानं जास्वंदीचा फोटो गुलाब म्हणून धाडलेला. दिली सगळ्यांना उत्तरं. माणसं वाढली आणि बोळिंजचं एक गिऱ्हाईक लागलं.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून आलो तर हा ओट्यावर हजर. चहा घेतला, लॅपटॉप बघितला, म्हणाला, "बाकी सब ठीक आहे, पण लोक तर आंटीच्या उत्तरांसाठी येतात. आंटी नसतील तर मी घेऊ काय?" उठायलाच लागला. सुनेचा चेहरा एवढासा झाला. आणि मला काय बुद्धी झाली बघा, बोलून गेले, "बस रे बाबा. आमच्यात केळीची उभी बाग व्यापाऱ्याला दिली तरी घड कापेपर्यंत पाणी आमचंच. देईन मी उत्तरं."

बसला की लगेच! तो गेल्यावर सुनेनं कपाळाला हात लावला. "आई, केळी कापतात. साइट कधी कापतात?"

तिनं तोवर विणकामाची नवी साइट घेतलीसुद्धा. मी आपली दुसऱ्याच्या बागेला पाणी घालतेय. परवा त्या बोळिंजवाल्याचा फोन, अगदी खुशीत. "आंटी, साइट विकली! नव्या पार्टीला सांगितलंय, आंटी सोबत मिळतील."

"अरे, मी काय विहीर आहे, जमिनीबरोबर जायला?"

"पण आंटी, शब्द तुम्हीच दिलेला ना?"

असा संताप आला! तणतणत साइटवर लिहून टाकलं, उत्तरं देणारी बाई आजपासून बंद. आणि आडवी झाले. डोळा लागतोय तोच मोबाइल वाजला. साइटवर कुणा मुलीनं लिहिलेलं. "आजी, असं नका ना करू. शेवंतीवर माव्याची कीड पडलीय, मी कुणाला विचारू?"

आता त्या शेवंतीनं माझं काय घोडं मारलंय? पुसत पुसत चष्मा लावला आणि लिहिलं, "कडुनिंबाचं पाणी फवार. उन्हात नको, संध्याकाळी. आणि उद्या कळव, कशी आहे ते."