मुराळ्याची मोटारबोट

परभणी जिल्ह्यात आजवर जेवढं पाणी गाळून प्यालं गेलं असेल, त्यातलं निम्मं तरी एकट्या आमच्या मामांनी गाळलं आहे, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, नात्यानं माझे मामेसासरे. त्यांच्या खिशात एक दुहेरी शिवलेला पांढरा रुमाल कायम असतो आणि त्या रुमालाला घाम पुसायची परवानगी नाही. नळाचं पाणी, हंड्यातलं पाणी, लग्नातल्या जारचं पाणी, सगळं त्या रुमालातून जातं. आमच्याकडे पालमला पहिल्यांदा आले तेव्हा मी मोठ्या ऐटीत सीलबंद बाटली पुढे केली. मामांनी सील फोडलं, तांब्यावर रुमाल अंथरला, बाटली त्यात रिकामी केली आणि मग रुमाल उजेडात धरून बराच वेळ निरखला. काही सापडलं नाही, याचा त्यांना आनंद झाला नाही. पुढच्या वेळी सापडेल, असा चेहरा करून त्यांनी तो झटकला आणि माझ्याकडे जरा संशयानंच पाहिलं.

नोकरी एसटीत ड्रायव्हरची. पाथरीच्या रस्त्यावर गाडी तापली की बाकीचे ड्रायव्हर मिळेल त्या पाण्यानं रेडिएटर भरून मोकळे होत. मामा विहिरीवरून आणलेली बादली आधी गाळायला बसत. उन्हात ताटकळलेली माणसं शिव्या घालत, कंडक्टर हात जोडे, पण रुमालातलं पाणी आपल्याच चालीनं उतरे. "मुकं जित्राब हाय ते," मामा म्हणत, "पोटात काय गेलं ते त्याला सांगता येतंय का?" आता गंमत अशी, की मामांच्या हातातली गाडी कधी बंद पडली नाही. त्यामुळे त्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायची सोयच उरली नाही.

या वेडाचं मूळ मात्र हसण्यासारखं नाही. मामांच्या लहानपणी गावाला बारवेचं पाणी होतं. पायऱ्या उतरायच्या, घोटाभर पाण्यात उभं राहायचं आणि घागर भरायची. हे काम मामांच्या थोरल्या बहिणीकडे. ही बहीण म्हणजे माझ्या सासूबाई, सगळे त्यांना आक्का म्हणतात. त्या पाण्यानं आक्कांना नारू झाला. आजच्या पोरांना हा शब्दही ठाऊक नसेल, आणि नसलेलाच बरा. पाण्यातून पोटात जायचा आणि वर्षभरानं पायाची कातडी फोडून दोऱ्यासारखा बाहेर यायचा, असा तो किडा. काडीला गुंडाळत गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढायचा. मामा आक्कांचा हात धरून शेजारी बसायचे. एके दिवशी तो दोरा तुटला, पाय पिकला आणि आक्कांची चाल कायमची लंगडी झाली. नंतर कुणीतरी गावात येऊन सांगून गेलं, की पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं असतं तर ही वेळ आली नसती. मामांनी ते ऐकलं, आणि मला वाटतं ते अजूनही ऐकतच आहेत.

पुढे येलदरीला धरणाचं पाणी अडलं. आक्कांचं सासर या काठाला, माहेर त्या काठाला. संध्याकाळी माहेरच्या चुलींचा धूर दिसावा इतकं समोर, पण रस्त्यानं जायचं तर भला मोठा वळसा. दिवाळीला बहिणीला माहेरी न्यायला भाऊ जातो, त्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात. मामा केस पांढरे झाले तरी मुराळी म्हणून जातच राहिले. पण आक्कांचे गुडघे गेले. एसटीची पायरी चढवेना, जीपचे दणके सोसवेनात, आणि लागोपाठ दोन दिवाळ्या त्या माहेरी आल्या नाहीत. त्या दोन्ही दिवाळ्यांना मामांनी फराळाला हात लावला नाही. मग कुठूनशी एक जुनी मोटारबोट विकत घेऊन आले. घरादारानं कपाळाला हात लावला. त्यात आक्कांना पाण्याची भीती. बारवेनंतर त्यांनी साचल्या पाण्यात पाय घातलेला नव्हता. मामांनी गळ घालून घालून शेवटी त्यांना राजी केलं. "एकडाव बसते," आक्का म्हणाल्या, "पण मधीच काई झालं, तर पुन्ना माहेराचं नाव काढू नको. सांगून ठेवते."

म्हणजे सगळी दिवाळी त्या इंजिनावर येऊन पडली. हे इंजिन धरणाचंच पाणी तळातल्या तोंडानं ओढून घेतं, आपलं अंग गार करतं आणि तेच पाणी मागच्या पाइपातून धुराबरोबर बाहेर टाकतं. मामा म्हणायचे, इंजिन चुळा भरतंय. चुळा पडताहेत तोवर काळजी नाही.

भाऊबीजेला मामांनी हट्टानं मलाही सोबत घेतलं. मी पालमचा कोरडवाहू माणूस, पोहणं कशाशी खातात ते ठाऊक नाही. जाताना सगळं झकास. आक्कांना घेऊन निघालो, आणि बरोबर मध्यावर मागचा आवाज बदलला. चुळा बंद. नुसता कोरडा, भकभक धूर आणि जळक्या रबराचा वास. मामांनी पाइपाला हात लावला आणि चटकन मागं घेतला. "पाइप लय तापलाय," एवढंच म्हणाले आणि इंजिन बंद केलं. वारा बोटीला बुडालेल्या झाडांच्या खुंटांकडे ढकलायला लागला. आक्कांनी डोळे मिटले. मी एक फळी घेऊन वेड्यासारखं पाणी मारत सुटलो.

मामांनी तपासायला सुरुवात केली. पाणी घ्यायचा कॉक बघितला, तो उघडा होता. तो बंद करून इंजिनाच्या पाण्याच्या गाळणीचं भांडं उघडलं, तर ते ताटासारखं लख्ख, कारण मामा ते रोज दात घासायच्या ब्रशनं घासतात. पंपाचा पट्टा ताठ. पंपाच्या आतला रबरी पंखा शाबूत. शेवटी पंपाकडे येणारी नळी काढली आणि कॉक उघडला. बोटीचा तळ पाण्यात, नळीतून धो धो यायला हवं. आलं ते थेंब थेंब, तेही रडत. मी म्हटलं, म्हणजे बाहेर तळाच्या तोंडाशीच काहीतरी बसलंय, शेवाळ असेल, प्लास्टिक असेल. मामा गप्प. पाण्याचा विषय निघावा आणि हा माणूस गप्प बसावा, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी फळी खाली ठेवली.

"मामा, खाली काही बांधलंय का तुम्ही?"

मामांनी आक्कांकडे पाठ केली. "दुहेरीच बांधलंय," ते हळूच म्हणाले.

बोट काठावर ओढलेली असताना तळाच्या तोंडाला फडकं बांधायचा हा उद्योग झाला होता. धरणाचं पाणी गढूळ, इंजिन मुकं, आणि त्यात आक्का बसणार! फडक्यावर गाळ आणि शेवाळ साचत साचत बोळा झाला होता. धन्य आहे बाबा, असं मी म्हणणार, तोवर मामांनी कॉक बंद केला, सदरा उतरवला, कमरेला दोरी बांधली, दातांत चाकू धरला आणि पाण्यात शिरले. मी त्या दोरीचं टोक धरून देवाचं नाव घेत राहिलो. पाण्याकडे न बघणाऱ्या आक्का आता कडेला सरकून पाण्यातच डोळे लावून बसल्या होत्या.

मामा फुसफुसत वर आले. हातात काळाकुट्ट, बुळबुळीत चिंधा. आक्कांनी तो घेतला, पिळला, आणि त्याचा जांभळा काठ दिसला. त्यांच्याच जुन्या लुगड्याचा तुकडा होता तो, माहेरी राहून गेलेला. आता माहेराचं नाव संपलं, असं मी धरून चाललो. आक्का त्या काठावरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या,

"येड्या, इंजनाला नारू होत न्हाई रं."

मामा बोटीची कड धरून, पाण्यातच, लहान पोरासारखे मान खाली घालून राहिले. आक्कांनी त्यांच्या डोक्यावरचं शेवाळ काढलं.

पाइप गार होऊ दिला, नळी जोडली, कॉक उघडला, किल्ली फिरवली. आधी खोकला, मग धूर, आणि मग भळकन चूळ! दुसऱ्या कुणाच्या चुळेनं मला एवढा आनंद होईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. काठाला लागलो तेव्हा आक्का स्वतःहून हात पुढे करून उतरल्या, आणि मामांनी त्या दिवशी दोन दिवाळ्यांचा राहिलेला फराळ एका बैठकीत संपवला.

आक्कांना परत सोडायचं तर मामांनी मुकाट्यानं जीप सांगून ठेवली. आक्कांनी जीपकडे पाहिलंही नाही. काठी टेकत सरळ बोटीत जाऊन बसल्या. मध्यावर आल्यावर त्यांनी कडेवरून हात खाली सोडला, चूळभर पाणी उचललं आणि तसंच, न गाळता, पिऊन टाकलं. मामांचा हात खिशाकडे गेला. रुमाल बाहेर आला. थोडा वेळ त्यांनी तो नुसताच हातात धरला, आणि मग त्या रुमालानं आपलं तोंड पुसलं. डोळ्यांपाशी त्यांना जरा जास्तच वेळ लागला.