रूथच्या घरी हीट इन्क्लुडेड होती

रूथ मंगळवारी गेली. सर्टिफिकेटवर न्यूमोनिया लिहिलंय. थंडीने गेली असं कोणी लिहीत नाही.

रूथ आमची घरमालकीण. वय ब्याऐंशी. कॉलेजच्या मागच्या गल्लीत तिचं दुमजली घर. खाली ती एकटी, वर आम्ही चार मुली.

मी नागपूरहून अमेरिकेत नवीन आले तेव्हा आईने व्हिडिओ कॉलवर तिला गाठलं.

"विचार गं तिला, खोली गरम राहते का?"

मी विचारलं. रूथ फोनच्या अगदी जवळ गेली आणि सावकाश इंग्रजीत म्हणाली, "हीट इन्क्लुडेड. तुमच्या मुलीला मी थंडी वाजू देणार नाही."

म्हणजे खोली गरम ठेवायचा खर्च भाड्यातच. आईला त्यातलं फक्त 'हीट' कळलं. तेवढं तिला पुरलं.

पुढे मला ट्रॉय शहरात जॉब लागला. वर नव्या मुली आल्या, गेल्या, आणखी आल्या. प्रत्येकीच्या आईला रूथने हेच सांगितलं.

आमच्या ॲल्युम्नाय गेट-टुगेदरला ती दरवर्षी यायची. पुरणपोळी खाताना "यात बीन्स आहेत?" असं दरवर्षी नव्याने विचारायची.

या डिसेंबरमध्ये वर राहणाऱ्या सायलीचा फोन आला.

"ताई, रूथ स्वतःच्या किचनमध्ये कोट घालून बसते. टोपीपण."

मी आणि माझा बॅचमेट मंदार रविवारी ड्राइव्ह करून गेलो.

तिच्याकडचा हीटिंगचा थर्मोस्टॅट पन्नास फॅरनहाइटवर होता. म्हणजे आपल्याकडचे दहा डिग्री. वर मुलींकडे सत्तर.

हीटिंगच्या गॅसचं बिल वाढतच चाललं होतं आणि दोन्ही मजल्यांचं तीच भरत होती. पेन्शन मात्र तेवढीच.

"भाडं वाढव ना," मंदार म्हणाला.

"त्यांच्या आयांना शब्द दिलाय मी."

"मग बिल आम्ही भरतो."

"तुम्ही पाहुणे आहात. कॉफी घ्या."

आम्ही ॲल्युम्नाय ग्रुपवर पैसे जमवून चेक पाठवला. तो थँक यू कार्डासकट परत आला.

मी गॅस कंपनीला फोन केला. ते म्हणाले, अकाउंट नंबर सांगा. तो रूथ देईना.

मुलींनी वरचा थर्मोस्टॅट गुपचूप कमी केला. तर ही बाई गुडघे धरत जिना चढून आली आणि वाढवून गेली. त्यानंतर कोणाची हिंमत झाली नाही.

आईने पाठवलेली गोधडी मी तिला नेऊन दिली. पुढच्या खेपेला ती सायलीच्या बेडवर दिसली.

माणसाला जबरदस्तीने ऊब कशी द्यायची, मला अजून कळलेलं नाही.

मग खोकला सुरू झाला. "होईल बरा," म्हणायची. एका सकाळी तिला खुर्चीतून उठता येईना, तेव्हा सायलीने ॲम्ब्युलन्स बोलावली.

मी हॉस्पिटलला पोचले. डेस्कवरच्या बाईंनी विचारलं, "नातं?"

"मी तिची जुनी भाडेकरू."

त्या वाईट नव्हत्या. "सॉरी, फक्त फॅमिली," म्हणाल्या आणि पाण्याची बाटली दिली.

फॅमिली म्हणजे ॲरिझोनातला एक पुतण्या. त्याचं फ्लाइट दुसऱ्या दिवशीचं होतं. तो पोचला तोवर सगळं संपलं होतं.

आत ती एकटी. बाहेर लॉबीत मंदार, मी आणि वरच्या चौघी, आम्ही सहाजण, दिवसभर.

पुतण्या भला आहे. घर विकणार, पण मुलींना सेमिस्टर संपेपर्यंत राहू देतोय.

काल सायली म्हणाली, "ताई, आम्ही स्वेटर घातले असते. खरंच. तिने ऐकलं का नाही?"

 

संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं.  ती म्हणाली, "तिच्यामागे रडायला कोण आहे गं?"

"आम्ही आहोत."

"मग रडा."

रूथ, तुझ्या वरच्या मजल्यावरच्या आम्हा सगळ्यांचा तुला शेवटचा नमस्कार.