वर बघणारी माणसं

"ती पोरगी खाली बघून राहिली, मालनबाई. ध्यान ठेवा."

"लाजाळू हाय ती, नवाबसाब."

"लाजाळू माणूस मनातल्या मनात मोजतो."

मी चिंचेच्या बुंध्यामागे उभी होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. मालनबाई बागेतलं गवत काढायच्या. नवाबसाब हे उदगीर रस्त्यावरच्या त्या जुन्या कोठीचे आणि बागेचे एक मालक, तिथं राहणारे शेवटचे. खरं तर ते नवाब नव्हतेच, जहागीरदारांचे धाकटे पुतणे. पण भर मे महिन्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी घालून फाटकात बसणाऱ्या माणसाला गाव दुसरं काय म्हणणार?

बाग बघायला कुणीही यावं. फक्त नवाबसाब मागे मागे चालत, मिटलेली छत्री पाठीशी धरून. तुम्ही थांबलात की तेही थांबत. मला आधी वाटायचं, म्हातारा आपल्यावर पाळत ठेवतोय. ते खरंच पाळत ठेवत होते.

"झाडं बघायला आलेला वर बघतो, बेटा," ते म्हणत. "जमीन बघायला आलेला खाली बघतो." लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते, आणि वर्गांसाठी, होस्टेलसाठी रस्त्याकडेची मोकळी जागा कुणी ना कुणी पावलांनी मोजून जायचंच.

त्यांचा हा नियम भूकंपातला. कोठीला तडे गेले तेव्हा घरात जायला घाबरणारं अर्धं गाव या बागेत झोपलं होतं. "सगळे उताणे पडून वर बघत होते. सावकारबी, चोरबी. एक पेरू कमी झाला न्हाई." तेव्हापासून वर बघणाऱ्यावर त्यांचा डोळे झाकून विश्वास. ते स्वतः मात्र ना वर बघत ना खाली; बघणाऱ्यांकडे बघत.

मी खाली बघायचे. इंग्रजी शाळेतलं माझं मराठी अडखळायचं, लोक हसायचे, म्हणून नजर आपली चपलांवर.

पप्पा वर बघत. लातूरला त्यांचे क्लास होते आणि ही बाग त्यांना हवी होती. हैदराबादच्या चुलतभावांनी विकायला होकार दिला होता. अडलं होतं नवाबसाबांच्या सहीवर. पप्पा दर रविवारी मला घेऊन जात. "पोरीला झाडांचा नाद आहे," असं सांगत. हा नाद मला त्यांच्याच तोंडून कळला. मग मान दुखेपर्यंत आंबे बघत म्हणत, "एकही झाड तोडणार नाही, नवाबसाब. फक्त कोठी दुरुस्त करून वर्ग भरवू." नवाबसाब त्यांच्या चहात मलाई घालत. मला नुसता चहा.

एका रविवारी आंब्यांच्या रांगेत मला पांढरी फक्की दिसली. मुळांवरून गेलेली सरळ रेघ, पुढे काटकोनात वळलेली, पाया खणायच्या आधी आखतात तशी. गुरुवारी पप्पा फोनवर म्हणाले होते, "उद्या जुम्मा आहे. दुपारी म्हातारा मशिदीत असतो."

नवाबसाब जाऊन आता बरीच वर्षं झाली. बस त्या रस्त्यानं जाते तेव्हा आंब्यांची रांग अजून दिसते, आणि मी मान वर करून बघते.

फक्की दिसली त्या रविवारी मात्र विक्रीचे कागद टेबलावर आले होते. नवाबसाबांनी पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे वळले.

"तुझे वालिद कसे वर बघतात. तू सारखी खाली काय बघून राहिली, बेटा?"

पप्पा हसले. "लाजाळू आहे हो ती."

"तिला बोलू द्या."

"फक्की," मी म्हणाले. "आंब्यांच्या मुळांवरून गेलीय. पप्पांच्या माणसांनी टाकली. शुक्रवारी, तुम्ही नमाजला गेलात तेव्हा."