एकाच गाडीतून आलेली दोन मतं

रेजान बॅचेल्डर रोज सकाळी कॉफी उकळायला ठेवायची, नवऱ्याचा जुना कोट अंगावर घ्यायची आणि रस्त्याकडेच्या टपालपेटीची छोटी लाल झेंडी वर करून यायची. पेटीत धाडायचं पत्र असलं की झेंडी उभी करायची, म्हणजे पोस्टमन गाडी थांबवतो. रेजान पत्र नसलं तरी उभी करायची.

"पेटीत काही नसतं, रेजान," डेल पोस्टमन कुरकुरायचा. "उगाच ब्रेक झिजतात माझे."

"पण थांबलास ना? माणूस थांबला की काहीतरी निघतंच."

आणि निघायचंच. कधी गरम डोनट, कधी कुणाच्या गायीला झालेल्या वासराची बातमी, कधी शेजारच्या खोऱ्यातल्या म्हातारीला पोहोचवायचं सूप. तिचा नवरा ऑरिन खिडकीतून हे बघत बसायचा. त्याच्या मते जगात थांबण्यासारखं फारसं काही नसतं. आणि आपली बायको जगालाच थांबवायला निघालेली आहे.

ऑरिन हिवाळ्यात गावाच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचा आणि हिवाळा सरताना वडिलांच्या गुऱ्हाळात मेपलच्या झाडांचा गोड रस आटवून पाक करायचा. रेजान सीमेपलीकडच्या फ्रेंच बोलणाऱ्या शेतकऱ्याची लेक. लग्न होऊन व्हरमाँट राज्यातल्या या डोंगराळ गावात आली आणि नागरिकत्व आणि मताचा हक्क मिळाल्यावर पहिल्याच गावसभेत नवऱ्याच्या विरुद्ध उभी राहिली. विषय होता गावच्या पुलाला रंग कोणता द्यायचा. तेव्हापासून दोघांचा नेम ठरला. मार्चच्या पहिल्या मंगळवारी एकाच पिकअपमधून सभेला जायचं, दारात वेगळं व्हायचं आणि मधल्या वाटेच्या दोन बाजूंना बसायचं.

"दोघंही घरी राहिलो तर निकाल तोच लागेल," ऑरिन दरवर्षी म्हणायचा. "पेट्रोल तरी वाचेल."

"आणि जेवण?" रेजान दरवर्षी विचारायची. मग ऑरिन गाडीची किल्ली उचलायचा, कारण सभेचं जेवण खरोखर चांगलं असायचं.

२०११च्या त्या हिवाळ्यात मात्र पुलाच्या रंगापेक्षा मोठी गोष्ट चालली होती. राज्यातल्या प्रत्येक माणसाच्या औषधपाण्याची जबाबदारी राज्यानंच घ्यायची का, यावर राजधानीत वाद पेटला होता. रेजानला हे सगळं फार आवडलं. गावच्या शाळेचं स्वयंपाकघर बंद झालं तेव्हा तिची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर विमाही गेला. तिचा उजवा गुडघा पार झिजला होता. नवा बसवायचा तर वयाची पासष्टी गाठून सरकारी विमा मिळेपर्यंत थांबायला हवं होतं, आणि पासष्टी अजून चार हिवाळे लांब होती. हे ती कुणाला सांगायची नाही. "गावासाठी," म्हणायची आणि गावसभेत तसा ठराव मांडावा या अर्जावर, झेंडी पाहून थांबेल त्याची सही घ्यायची. पहिली सही डेलची.

गावचा विधानसभेतला प्रतिनिधी कॉनंट म्हणून होता. सरळ माणूस, पण छपरावरच्या, वाऱ्याबरोबर फिरणाऱ्या पत्र्याच्या कोंबड्यासारखा. डॉक्टरांची संघटना बाजूने बोलली की हा बाजूने. दुकानदारांची संघटना फिरली की हाही फिरला. रेजान दर आठवड्याला त्याला लिहायची, आणि त्याची उत्तरं फ्रिजवर लावायची.

"हे बघ," ती ऑरिनला म्हणाली, "जानेवारीत 'पाठिंबा नाही' होतं. आता 'विचार करतोय' झालं."

"त्याआधी 'पूर्ण पाठिंबा' होतं."

"म्हणजे रस्ता माहीत आहे त्याला. गेलेला आहे तो तिकडे."

ऑरिनला हसू आवरेना. पण मत त्याचं ठाम होतं. "गावचं सरकारी काम मीच करतो, म्हणून सांगतो. माझ्यासारखी माणसं तुझं हृदय सांभाळणार? रस्त्यावरचा बर्फ काढताना मी तीन टपालपेट्या पाडल्यात यंदा."

"आपली नाही पाडलीस."

"आपली पाडली असती तर जेवायला मिळालं नसतं."

अखेर कॉनंटनं जाहीर केलं: माझ्या गावची सभा जे ठरवेल, ते माझं मत. रेजाननं झेंडीबरोबर स्वतःचे दोन्ही हातही वर केले.

सभेच्या आदल्या संध्याकाळी मात्र घरात वाजलं. ऑरिन या योजनेपायी वाढणाऱ्या करांचा हिशेब मांडून बसला होता आणि कुठलीच बाजू जुळत नव्हती. "तुझा ठराव झाला ना," तो तिरसटून म्हणाला, "तर वडिलांचं गुऱ्हाळ विकायचं. कढईसकट." एवढं बोलून तो झोपायला गेला. रेजान भांडी विसळत राहिली. तिनं नेहमीसारखं उलट उत्तर दिलं नाही, हे ऑरिनच्या लक्षात आलं, पण उठून जाण्याइतकं नाही.

मंगळवारी सकाळी सभागृहाच्या पायऱ्यांवर बर्फ होता. रेजाननं राजम्याचं जड भांडं ऑरिनच्या हातात दिलं, कठडा धरला आणि खेकड्यासारखी आडवी आडवी चढू लागली. प्रत्येक पायरीला एक चांगला पाय पुढे, मग दुसरा ओढून घ्यायचा. वर पोहोचल्यावर घाम पुसून हसली. "बघितलंस? नाच आहे हा, नाच!" ऑरिन भांडं घेऊन खालच्या पायरीवरच उभा राहिला होता. इतकी वर्षं तो पुढे चालायचा. मागून तिला चढताना त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

सभेत नेहमीप्रमाणे रस्त्यांच्या खडीवर भांडण झालं, अग्निशमनाच्या गाडीवर झालं. जेवणाच्या तोंडाशी रेजानचा विषय आला. सभाध्यक्ष हॉलिस हा धान्याच्या दुकानाचा मालक, पण त्या दिवशी त्याला सगळ्यांनी 'अध्यक्षमहाराज' म्हणायचं. थोडं बोलणं झालं. मग आवाजी मतदान झालं. 'हो' आणि 'नाही' दोन्ही आवाज सारखेच भुकेले निघाले.

"उभं राहून मोजू," हॉलिस म्हणाला. "बाजूचे आधी."

ऑरिन उभा राहिला. आसपासच्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या. त्यानं समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली. रेजानकडे बघायची त्याला लाज वाटत होती. आता ती हसेल, वर्षभर चिडवेल, चिडवू दे.

"विरुद्ध?"

वाटेपलीकडे खुर्ची करकरली. ऑरिननं मान वळवली. गुडघ्यावर हात टेकून रेजान उभी राहत होती.

"अगं!" तो ओरडलाच.

"अध्यक्षमहाराज," रेजान म्हणाली, "त्या गृहस्थांना शांत करा."

ठराव एका मतानं पडला. सगळं सभागृह त्या एका मताकडे बघत होतं. हॉलिसनं घसा साफ करून जेवणाची सुट्टी दिली.

दाराबाहेर ऑरिनचं नेहमीचं काम होतं. उकळता मेपलचा पाक ताज्या बर्फावर ओतायचा, तो चिवट झाला की काट्याला गुंडाळून लोकांना द्यायचा. बरोबर डोनट आणि गोडाचा उतारा म्हणून आंबट काकडीचं लोणचं. रांगेत सगळे त्यालाच छेडत होते.

"चाळीस वर्षं ती इकडे, तू तिकडे," डेल म्हणाला. "आज बाजू बदललीत, तरी वाट मध्येच!"

"घटस्फोट झाला तर टपाल कुठल्या पेटीत टाकू?" पुढचा म्हणाला.

ऑरिननं पळी डेलच्या हातात दिली आणि एक बशी भरून आत गेला. रेजान खिडकीपाशी बसली होती, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून.

"तूच सह्या गोळा केल्यास," तो म्हणाला.

"केल्या."

"मग?"

"गुऱ्हाळ विकायचं म्हणालास ना? गावाच्या भल्यासाठी तुझ्या बापाची कढई विकायची माझी तयारी नाही."

"रागात बोललो गं मी! कढई कोण विकत घेणार? बुडाला तीन ठिगळं आहेत तिला."

"आणि तू रे? तुला काय झालं तिकडे उभं राहायला?"

ऑरिननं काकडीचा तुकडा उगाच बशीत इकडून तिकडे ढकलला. "पायऱ्या," तो म्हणाला.

तिनं त्याच्या हातून बशी घेतली, गोड पाक खाल्ला, आणि मग काकडी, दोन्हींसाठी डोळे मिटून.

गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असलेला एक नियम आहे. झालेलं मत पुन्हा घ्यायचं असेल तर पुढचा विषय सुरू होण्याआधी मागायचं, आणि जिंकलेल्या बाजूला उभं राहिलेल्यानंच मागायचं. ऑरिन हरलेल्या बाजूचा. त्याला मागता येत नव्हतं.

"रेजान, तूच मागू शकतेस."

"लोक हसतील."

"हसतातच आहेत. मी तर पाक वाढता वाढता अख्ख्या रांगेचं हसू झेलून आलो."

"आणि पैशाचं? रात्री जुळत नव्हतं म्हणालास ना?"

"अजूनही नाही जुळत. पण कॉनंट 'विचार करतोय' म्हणतो ना? मीही करेन."

जेवणानंतर हॉलिसनं हातोडा आपटला आणि पुढच्या विषयाचा कागद उचलला. तेवढ्यात खुर्ची करकरली.

"अध्यक्षमहाराज, मघाचं मत पुन्हा घ्यावं."

"कारण?" हॉलिसनं विचारलं. कारण विचारायची गरज नव्हती. त्याला नुसतं ऐकायचं होतं.

"माझा नवरा चुकून शहाणा झालाय," रेजान म्हणाली. "शहाणपण उतरायच्या आत मोजून घ्या."

हशा ओसरायला वेळ लागला. पुन्हा मोजणी झाली. सकाळी एका मतानं पडलेला ठराव एका मतानं उभा राहिला. त्या दिवशी त्या दोघांची मतं पहिल्यांदाच एकाच रकान्यात पडली, आणि ऑरिनला ते इतकं अवघडल्यासारखं झालं, की पुढच्या विषयावर, गावच्या कुत्र्यांच्या परवान्यावर, त्यानं घाईघाईनं तिच्या विरुद्ध मत देऊन टाकलं. कॉनंट मागच्या बाकावर डोनट खात होता. तो उठून म्हणाला, "मग माझं ठरलं." कुणीतरी विचारलं, "कधीपर्यंत?" पण त्यानं शब्द पाळला.

कायदा झाला. पुढे काही वर्षांनी पैशाचं गणित जमेना म्हणून राजधानीत तो गुंडाळूनही ठेवला गेला. ती बातमी ऐकली तेव्हा रेजान स्वयंपाकघरात टाचेवर गिरकी घेत होती. पासष्टी आली होती, नवा गुडघा बसला होता, आणि पायऱ्या ती आता ऑरिनच्या पुढे चढायची.

"गेला तुझा कायदा," ऑरिन म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

"त्यांना रस्ता माहीत झालाय," ती म्हणाली. "एकदा जाऊन आलेत ते तिकडे." आणि नव्या प्रतिनिधीला लिहायला बसली.

त्यानंतरही बरीच वर्षं बर्फ पडला, वितळला, कढईला चौथं ठिगळ लागलं. शेवटच्या वसंतात रेजानचं हृदय थकलं होतं, पण ती गुऱ्हाळात बाकावर बसून रस आटताना बघायची, वाफेत गाल लाल करून. एका सकाळी मात्र ती अंथरुणातून उठली नाही. खिडकी उघडी ठेवायला सांगितली. बाहेर बादल्यांत रस टपटपत होता. ऑरिन तिचा हात धरून जरा बसला, मग भट्टीत लाकडं घालायला निघाला. तो दारात बूट चढवत होता तेव्हा तिनं मागून हाक मारली.

"झेंडी वर कर रे जाता जाता. डेल थांबायचा नाही, नाहीतर."