राहात्याला आम्ही लेखन शिकवायला गेलो

राहात्याला जाऊन तीन दिवस लोकांना लिहायला शिकवायचं, असं आमच्या मालकांनी परस्पर कबूल करून टाकलं आणि मग मला सांगितलं. मालक पुण्यातले प्रकाशक. मी त्यांच्याकडे बारा वर्षं मुद्रितं तपासते. लढाई संपली त्या वर्षीच्या नाताळच्या सुटीत तिथल्या शाळेचे हेडमास्तर लेखनवर्ग भरवणार होते. प्रकाशनावर मालक बोलणार, कथा-कादंबरीवर भाऊराव शिकवणार, आणि "तुम्ही ते शुद्धलेखनाचं काहीतरी सांगा," असं माझ्या वाट्याला आलं.

भाऊराव म्हणजे आमचे सर्वांत खपणारे कादंबरीकार. हेडमास्तरांनी एकोणीस जणांचं लेखन आधीच पार्सलने पाठवलं होतं. ते वाचून प्रत्येकाला अभिप्राय द्यायचा, हे भाऊरावांचं काम. पार्सल पंधरा दिवस त्यांच्या घरी पडून राहिलं आणि निघायच्या आदल्या आठवड्यात माझ्या टेबलावर आलं. बरोबर निरोप, "तुम्ही वाचा आणि मला तीन-तीन ओळींत सांगा. तुम्हाला सवय आहे."

सवय आहे खरी. मी एकोणीसही वाचली. कागदाची टंचाई अजून हटली नव्हती, म्हणून मुखपृष्ठाच्या बिघडलेल्या कागदाचे तुकडे कापले आणि एकेकावर तीन ओळी लिहिल्या. वर फक्त क्रमांक घातला, नाव घातलं नाही. ही माझी चूक, ती आधीच सांगून ठेवते.

तुम्ही कधी तिकडे जाणार असाल तर पुण्याहून पहाटेची गाडी धरा आणि दौंडला मनमाडची गाडी येईपर्यंत बसायची तयारी ठेवा. आम्ही साडेतीन तास बसलो. गाडी आली ती पलटणीतून सुटून घरी निघालेल्या शिपायांनी भरलेली. त्यांनी ट्रंका सरकवून मला जागा दिली. भाऊरावांना जागा मिळाली, पण वाऱ्याची बाजू मिळाली नाही, म्हणून ते नगरपर्यंत रुसले. नगरला फलाटावर गरम भजी मिळतात, ती जरूर घ्या. चहा मात्र घेऊ नका. त्याला चहा म्हणायचं म्हणजे दुधाचा आणि पत्तीचा, दोघांचाही अपमान आहे.

आम्ही चितळी स्टेशनवर उतरलो. तिथून राहात्याला तांगा. रस्ता बैलगाडीच्या चाकोऱ्यांचा, धूळ गुडघाभर, पण दोन्ही बाजूंना कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, आणि मैला-मैलावर गुऱ्हाळाचा गोड, करपट वास. मी जरा सुखावले होते, तेवढ्यात भाऊरावांना "चिठ्ठ्या एकदा पाहून घेऊ" अशी बुद्धी झाली. तांगा खड्ड्यात गेला आणि एकोणीस चिठ्ठ्या पायांत सांडल्या. त्यांनी गोळा करून खिशात कोंबल्या.

"द्या, क्रम लावून देते," मी म्हणाले.

"बाई, मी काही शाळेतला पोर नाही."

मी शेजारी पाहिलं. मालकांनी डोळे मिटून घेतले होते. अशा वेळी त्यांना हटकून झोप लागते.

पहिला दिवस अगदी मला वाटलं होतं तसाच गेला. शाळेच्या मोठ्या वर्गात चाळीस-एक माणसं जमली होती. मास्तर, दुकानदार, दोन-तीन शेतकरी, एक निवृत्त कारकून, मागे भिंतीशी चार बाया. कुणी आठ कोस चालून आलेलं. त्यांच्यापुढे भाऊराव दोन तास स्वतःच्या पहिल्या कादंबरीविषयी बोलले. मालक कागदाच्या कोट्याविषयी बोलले. एका मास्तरांनी विचारलं, "साहेब, गोष्ट सुरू कशी करावी?" भाऊराव म्हणाले, "प्रतिभेला विचारा." मास्तरांनी ते वहीत लिहून घेतलं. मला त्यांच्या हातातून वही ओढून घ्यावीशी वाटली.

जेवण उत्तम होतं. बाजरीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि गुऱ्हाळावरून आलेला, अजून पुरता घट्ट न झालेला गूळ. भाऊरावांना बाजरी उष्ण पडते, म्हणून हेडमास्तरांच्या घरी तांदळाची शोधाशोध झाली. तीही या रेशनच्या दिवसांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभिप्रायांना सुरुवात झाली. हेडमास्तर यादीतून नाव पुकारत, ती व्यक्ती उभी राही आणि भाऊराव हातातल्या गड्ड्यातली वरची चिठ्ठी बघून बोलत. पहिले सहा नशिबाने बरोबर निघाले. मी सुटकेचा श्वास सोडत होते.

"सातवं, मार्थाबाई," हेडमास्तर म्हणाले.

भिंतीपाशी बसलेल्या बायांतून एक चाळिशीची बाई उठली. पांढरं सुती लुगडं, पदर डोक्यावर. जवळच्या खेड्यात मिशनच्या शाळेत शिकवणाऱ्या. त्यांची वही मला पाठ होती म्हटलं तरी चालेल. त्यांची अकरा वर्षांची मुलगी रूथ हिवतापाने गेली, त्या पावसाळ्याची ती हकिकत होती. कालवा आल्यापासून त्या भागात ताप घरोघर मुरलेला. रूथ कोयनेलची कडू पुडी जिभेखाली लपवून चुलीत थुंकायची आणि आई तिला गुळात घालून पुन्हा द्यायची, असं एक पान होतं. त्या पानाशी मी काम थांबवून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते.

भाऊराव चिठ्ठी लांब धरून हसले. "वा! मार्थाबाई, पोट धरधरून हसलो हो आम्ही! आणि तो औषध पाजायचा प्रसंग, तो तर काय, मुरकुंडी वळली. शेवट तेवढा लांबलाय. असंच विनोदी लिहीत राहा."

ती उस्मानभाईंची चिठ्ठी होती. उस्मानभाई आतार बाजारोबाजारी अत्तर, कुंकू, काजळ विकत फिरायचे. त्यांनी आपल्या हट्टी घोडीवर लिहिलं होतं. तिला बांबूच्या नळीने औषध पाजताना चार माणसं चिखलात पडतात, तो प्रसंग खरोखरच विनोदी होता.

मी बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण चाळीस माणसांत भाऊरावांचं पितळ उघडं पडलं असतं, त्यांची नवी कादंबरी आमच्या छापखान्यात होती, आणि मालक माझ्याकडेच बघत होते. मी खाली बघितलं. वर पाहिलं तेव्हा मार्थाबाई टेबलाशी आल्या होत्या. त्यांनी आम्ही परत आणलेल्या वह्यांच्या ढिगातून आपली वही काढली, पदराखाली धरली आणि त्या बाहेर गेल्या.

"पाणी प्यायला गेल्या असतील," भाऊराव म्हणाले.

आणखी दोन नावांनंतर उस्मानभाई उभे राहिले. भाऊरावांनी आवाज खोल केला. "उस्मानभाई, तिच्या मृत्यूचं वर्णन वाचताना हृदय पिळवटून निघालं."

उस्मानभाई गोंधळले. "साहेब, ती जित्ती हाय. बाहीर लिंबाखाली बांधलीया."

वर्ग हसला. भाऊरावांनी क्षणभर चिठ्ठीकडे पाहिलं आणि म्हणाले, "अर्थात. मी लाक्षणिक अर्थानं बोललो."

उस्मानभाई हसले नाहीत. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मधल्या सुटीत मी भाऊरावांना बाजूला घेतलं. "तुम्ही आत्ताच्या आत्ता त्यांच्या घरी चला. मुलगी गेलीय त्यांची."

"चूक तुमच्या चिठ्ठ्यांची. नावं कोण घालणार?"

"चूक माझीही आहे. म्हणून तर मीही येते."

"उन्हाचं? छे! दोन ओळींचं पत्र टाकू पुण्याहून."

मी मालकांकडे गेले. ते म्हणाले, "जाऊ द्या बाई. कादंबरी मशीनवर आहे." मला त्या क्षणी भाऊरावांपेक्षा मालकांचा आणि मालकांपेक्षा माझा जास्त संताप आला. मी चपला घातल्या आणि बाहेर आले, तर उस्मानभाई घोडी छकड्याला जुंपत होते.

"बसा ताई. वाट मला ठाऊक हाय."

कालव्याच्या कडेने तीन मैल. घोडी मधेच दोनदा थांबली, आणि तिच्या मनात येईपर्यंत आम्ही थांबलो. उस्मानभाई वाटेत एवढंच म्हणाले, "त्यांनी काय लिवलंय मला ठाऊक न्हाई. पर त्यांच्या पोरीचं समद्या गावाला ठाऊक हाय."

मार्थाबाईंचं घर दोन खोल्यांचं, दाराशी नाताळची कागदी चांदणी अजून टांगलेली. त्या ओट्यावर तांदळातले खडे निवडत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. उस्मानभाई दाराबाहेर टेकले.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. भाऊरावांनी वाचलं नव्हतं, चिठ्ठ्या माझ्या होत्या, त्या बदलल्या, मला कळलं आणि मी गप्प बसले.

"तुमी वाचलंय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"समदं?"

"दोनदा."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मग बसा. मला एकच विचारायचं हुतं, त्याच्यासाठी मी आल्ते. हे संपवायचं कुठं?"

बारा वर्षांत मला हा प्रश्न कुठल्याही लेखकाने विचारला नव्हता. उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी म्हणाले, "रूथ सकाळी ताक मागते आणि तुम्ही ते आणायला उठता, तिथं. त्यापुढची सहा पानं काढा. माती दिली, कोण कोण आलं, तिच्या वर्गातल्या मुलींची नावं, त्यांनी काय काय आणलं, ते वाचणाऱ्याला लागत नाही."

"ती कशी काढू?"

"पुस्तक तिथं संपलेलं असतं, मार्थाबाई."

"पुस्तक संपलं आसंल. त्या पोरी पावसात आल्या हुत्या."

"ते खरं, पण लेखनाच्या दृष्टीनं—"

"तुमी बी शिकवायलाच आलाय, व्हय?"

मला राग आला. तीन मैल हाडं खिळखिळी करून माफी मागायला यावं, आणि बाईंनी सांगितलेलं ऐकू नये! मी म्हणाले, "बरं, वाचा बघू ती पानं मोठ्यानं. तुम्हालाच कळेल."

त्यांनी वही उघडली आणि हजेरी घेतल्यासारख्या वाचू लागल्या. द्वारकाने पेरू आणले. हौसा आत आलीच नाही, दारात उभी राहिली. सगुणाने रूथची पाटी पुसून दिली. जुबेदाने स्वतःच्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढून रूथच्या हातात घातल्या, आणि त्या मोठ्या होत्या म्हणून दोऱ्याने बांधल्या.

बाहेरून आवाज आला, "आमची जुबेदा?"

उस्मानभाई उंबऱ्यात उभे होते. "बांगड्या हरवल्या म्हनून मी तिला लई बोललो हुतो बाई. मारलं बी हुतं. तिनं सांगितलंच न्हाई." मग म्हणाले, "पुन्ना वाचा तेवढं."

मार्थाबाईंनी पुन्हा वाचलं. उस्मानभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली आणि घोडीकडे निघून गेले. मी सूप पुढे ओढून तांदळातले खडे निवडायला घेतले. मार्थाबाईंनी नाताळच्या उरलेल्या करंज्या दिल्या, मी खाल्ल्या. वर्गाला उद्या या म्हटलं, तर "न्हाई" म्हणाल्या. त्या आल्याही नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी शुद्धलेखनाचा तास माझा होता. फळ्यावर मुद्रितशोधनाच्या खुणा काढायला खडू उचलला आणि ठेवून दिला. म्हणाले, "काल तुम्हाला जे अभिप्राय मिळाले ते भाऊरावांचे नव्हते. त्यांनी तुमचं काही वाचलेलं नाही. वाचलंय मी. ज्यांना पुन्हा बोलायचं असेल त्यांनी एकेकानं या, आणि वाटेल ते विचारा."

भाऊराव उठून गेले. मालकांना या वेळी झोप लागली नाही. मग 'गोष्ट सुरू कशी करावी' विचारणारे ते मास्तर वही घेऊन पुढे आले, त्यांच्यामागे निवृत्त कारकून, आणि दुपारी गाडीची वेळ झाली तरी रांग संपली नव्हती. सगळे आपापल्या लेखनावरून कडाडून भांडले. माझा घसा बसला. शेवटी प्रत्येकाने विचारलं, "छापाल का?"

परतीच्या प्रवासात दौंडला मालक एवढंच म्हणाले, "भाऊराव म्हणतात, त्यांची मुद्रितं यापुढे तुम्ही पाहायची नाहीत." त्यांना ती शिक्षा वाटत होती. भाऊरावांच्या सातशे पानांत मी गेली कित्येक वर्षं अनुस्वार शोधत फिरत होते. मी मान खाली घातली, कारण तोंडावरचं हसू दिसलं असतं.

पुण्याला पोचले, न्हाणीघरात धूळ धुतली, आईने पिठलं पुढे केलं तेव्हा तिला म्हणाले, "आता आठवडाभर पिठलं नको." कामावर गेले. नवी नोकरी शोधावी लागली नाही. मालकांना खुणा कळणारं दुसरं माणूस मिळालं नाही, एवढंच त्याचं कारण.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. मार्थाबाईंनी "छापाल का" असं एकदाही विचारलं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. नाहीच. मी होळीच्या सुमारास मालकांशी भांडून भांडून, भाऊरावांच्या कादंबरीतून उरलेला थोडा कागद कबूल करून घेतला आणि मार्थाबाईंना पत्र घातलं. वही पाठवा, आम्ही छापतो, सहाही पानांसकट. ती सहा पानं लांबली आहेत असं माझं अजून मत आहे, हेही प्रामाणिकपणे लिहिलं.

उत्तर यायला महिना लागला. शाळेतल्या वळणदार अक्षरात कार्ड होतं. "आपलं पत्र पोचलं. वही सध्या उस्मानभाईंच्या घरी आहे. तिथून ती द्वारकाच्या आईकडे जायची आहे, मग सगुणाकडे. मुली आयांना वाचून दाखवतात. सगळ्यांचं झालं म्हणजे कळवीन, तोवर आपण थांबावं."

मालक रोज विचारतात, कागद किती दिवस अडवून ठेवायचा? मी त्यांना सांगते, थांबा. आपल्या आधी नंबर लावलेली माणसं आहेत.